लाल उजेडातलं पोहणं

नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावातल्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घेतला की दर वेळी क्लॅमिडोमोनास सापडतोच असं नाही. सापडला की मी बाकीची कामं बाजूला ठेवतो. ही हिरवी पेशी जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. पुढच्या टोकाला दोन कशाभिका, सेकंदाला सुमारे ५० फटकारे मारणाऱ्या. साधा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन फटकारे. पडद्यावर पेशीपुढे नुसता धूसर पट्टा उमटतो.

सेकंदाला १००० फ्रेम घेतल्या की एका फटकाऱ्याचे २० तुकडे हाती येतात. ज्यासाठी हा खटाटोप, ते आता दिसतं. दोन्ही कशाभिका ताठ होऊन पाणी मागे लोटतात आणि वाकून, अंगालगत सरकत पुढे येतात. ब्रेस्टस्ट्रोक मारणाऱ्याच्या हातांसारख्या. परततानाही त्या तशाच ताठ आल्या असत्या, तर पेशी होती तिथेच राहिली असती. एवढ्या लहान जिवाला पाण्याचा चिकटपणाच भोवतो. फटकारा थांबला की तीही जागीच थांबते. मधेच एखादी कशाभिका ताल सोडते, पेशी वळते, दोघी पुन्हा जुळतात. हे कितीदाही पाहिलं तरी माझं मन भरत नाही.

अडतं ते उजेडापाशी. फ्रेम ४० पट वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला उजेड ४० पट कमी येतो. दिवा वाढवावा, तर निळा-हिरवा उजेड पेशीच्या नेत्रबिंदूला लगेच कळतो. ती दिव्याकडे तरी धावते, नाहीतर त्याच्यापासून पळते. एकदम झगमगाट झाला तर उलटी पोहते. नेत्रबिंदूपाशी प्रकाश टिपणारी प्रथिनं २००२च्या सुमारास ओळखली गेली. आज तीच वापरून उंदराच्या मेंदूतल्या पेशी उजेडाने चालवतात. इतक्या तिखट नजरेसमोर मी लाल फिल्टर लावूनच बसतो. लाल उजेडाने तिची वाट बदलत नाही.

कव्हर स्लिपच्या कडांना व्हॅसलिनही लावतो. पेशींना पोहायला थोडी खोली मिळते आणि मे महिन्यातल्या नागपुरात थेंब बघता बघता वाळत नाही.

१९५८पासून नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था असलेल्या या शहरात तलावांचं पाणी तपासणारे हात कमी नाहीत. नमुन्यात आयोडीन घालून पेशी मोजतात. मोजणीला ते योग्यच, पण त्याने पेशी मरते. नमुने घेणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: एक बाटली आयोडीनविना, अर्धी रिकामी, उन्हापासून दूर ठेवा आणि त्याच दिवशी पाहा. वेगवान कॅमेरा नसला तरी चालेल. लाल फिल्टर मात्र लावा.