टक्के कशाचे?

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावे आहेत, एक बुद्रुक आणि एक खुर्द. दोन्हीकडचा शेतकरी जून लागला की पश्चिमेकडे बघू लागतो. तिकडे लोणावळ्याला पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. इकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले म्हणायचे. हा पर्जन्यछायेचा पट्टा. जुलै-ऑगस्टात आभाळ दिवसभर भरलेले असते, वारा सुटलेला असतो, आणि ढग डोक्यावरून सोलापूरच्या दिशेने निघून जातात.

अशा मुलखात पाण्याची बातमी कुणी सहज सोडून देत नाही. गेल्या काही वर्षांत अशा दोन बातम्या गाजल्या. ढगांत क्षारकण सोडल्यावर पाऊस १८ टक्क्यांनी वाढला, ही पहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उसाचे टनेज ३० ते ४० टक्क्यांनी वाढले आणि पाणी निम्म्यावर आले, ही दुसरी. दोन्हींच्या मागोमाग भाषणे झाली, सरकारी तरतुदी झाल्या. शेतीतल्या प्रयोगांची आकडेमोड हा माझा विषय. टक्क्यांचा आकडा कानावर आला की त्याच्या शेजारी एक शब्द मी शोधतो, आणि तो बहुतेक वेळा सापडत नाही. तो शब्द म्हणजे ‘कशापेक्षा’.

हा प्रश्न नीट कसा सोडवायचा, याचा धडा पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या बारामतीच्या आभाळात गिरवला गेला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या झळा अजून ताज्या होत्या. १९७३ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पुण्याच्या पूर्वेला, अहमदनगर-बारामती पट्ट्यात, ढगांवर मीठ फवारण्याचा प्रयोग सुरू केला. १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ असे एकूण ११ पावसाळे तो चालला. डीसी-३ जातीचे विमान ढगाच्या तळाच्या थोडे वरून उडायचे आणि मिठाची बारीक पूड सोडायचे. मिठाचा कण ओल धरतो, त्याभोवती मोठा थेंब तयार होतो, तो खाली येताना लहान थेंबांना गिळत जातो. कल्पना एवढीच.

या प्रयोगाचे मोल त्याच्या आखणीत आहे. सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरच्या प्रदेशाचे तीन पट्टे केले होते: एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा आणि मधला राखीव, म्हणजे एका पट्ट्यातले मीठ दुसऱ्यात जाऊ नये. त्या दिवशी मीठ उत्तरेच्या ढगांना द्यायचे की दक्षिणेच्या, हे शास्त्रज्ञाच्या मनावर सोडलेले नव्हते. ते यदृच्छेने, चिठ्ठी काढावी तसे ठरायचे. एका पट्ट्यावर मीठ पडले की दुसरा आपोआप तुलनेला उरायचा. दोन्हीकडे तोच मॉन्सून, तेच वारे, तोच दिवस. ‘आज ढग चांगले दिसतात, तिकडेच फवारू’ म्हणायची सोय कुणालाच नव्हती. ज्या ढगातून तसाही पाऊस पडणार होता तोच निवडायचा आणि श्रेय मिठाला द्यायचे, ही चूक नकळतही होऊ नये म्हणून ही शिस्त होती.

असे १६० दिवस भरल्यावर हिशेब मांडला. मीठ दिलेल्या पट्ट्यात पाऊस २४ टक्के जास्त आढळला, आणि निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास होती. शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. एक किलोमीटरपेक्षा जाड आणि पुरेसे पाणी धरून असलेल्या ढगांनाच मीठ मानवते, असे त्यांनी लिहिले. त्याहून उथळ ढग मीठ दिल्यावर विरून जाण्याकडे झुकत होते. म्हणजे पाऊस पाडायला गेलेले विमान आहे तो ढगही घालवू शकते. दुष्काळी साली वरकुट्यावर बहुधा असेच उथळ ढग फिरतात. गरज सर्वांत जास्त असते तेव्हा हा उपाय सर्वांत लंगडा पडतो, हे ११ वर्षांच्या कष्टांनी आपल्या हाती दिलेले ज्ञान आहे.

पुढे काय झाले? २००३ च्या दुष्काळात राज्य सरकारने कृत्रिम पावसाची मोहीम काढली, २०१५ मध्ये औरंगाबादहून विमाने उडवली, २०१९ मध्ये पुन्हा ३० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक वेळी आज किती ढगांवर फवारणी झाली आणि कुठल्या तालुक्यात किती मिलिमीटर पाऊस झाला, हे जाहीर होत राहिले. फवारणी न केलेल्या तशाच ढगांखाली किती पाऊस पडला, हा दुसरा रकाना त्या बातम्यांत नव्हता. तो नसेल तर पहिल्या रकान्यावरून काहीच कळत नाही.

त्याच सुमारास, २०१८ आणि २०१९ मध्ये, हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात पुन्हा शास्त्रशुद्ध प्रयोग केला. २७६ ढग निवडले, काहींवर फवारणी केली, काही तसेच ठेवले, आणि रडार, विमान व पर्जन्यमापकांनी दोन्ही गट मोजले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत, आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ. बातम्यांच्या मथळ्यांत ४६ मोठा झाला आणि १८ मागे पडला. अशा पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे येतो, असेही शास्त्रज्ञांनीच सांगितले होते.

त्या १८ पैशांचा हिशेब वरकुट्याच्या बांधावर बसून करू. दहा हजार लिटरचा टँकर १,८०० रुपयांना पडला. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरहून थोडे जास्त, त्याचे साधारण साडेअठरा हजार रुपये झाले. देशी विमान वापरले तर खर्च निम्म्यावर येईल असा अंदाज आहे, तरी नऊ हजारांवर जातोच. एका इंचाला एवढे देऊन ऊस कुणाला परवडणार? त्या प्रयोगाने जे जास्तीचे पाणी दिले ते ८६.७ कोटी लिटर. आकडा डोळ्यांत भरतो, पण एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. प्रयोगाचे पाणी एका टीएमसीचा बत्तिसावा भागही होत नाही, आणि इंदापूरच्या हद्दीला लागून ११७ टीएमसीचे उजनी धरण आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी देण्याचा आदेश निघाला आणि सोलापूरकरांच्या आंदोलनानंतर मे महिन्यात तो रद्द झाला. या भागाच्या पाण्याचा निकाल लागतो तो अशा वाटपात.

कृत्रिम पावसासाठी इस्रायलचा दाखला भाषणांत हमखास येतो. १९६० च्या दशकापासून तिथेही यदृच्छ निवडीचे प्रयोग झाले आणि आरंभीचे आकडे मोठे आशादायक होते. पुढे त्यांच्या फेरतपासणीत शंका निघाल्या. २०१३ ते २०२० या काळात नव्याने केलेल्या प्रयोगात वाढ दोन टक्क्यांच्याही आत आली, योगायोगापासून वेगळी ओळखता न येण्याइतकी. त्यानंतर त्या देशाने ती योजना थांबवली. भाषणात हा उत्तरार्ध मी अजून ऐकलेला नाही.

आता ऊस. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली ऊसशेती उभी केली. शेतात हवामान केंद्र, मातीत ओलावा मोजणारे सेन्सर, वरून उपग्रहाची नजर, आणि रोजचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर. जानेवारी २०२५ मध्ये भारतात आलेले मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीचा उल्लेख केला, फेब्रुवारीत त्यावरची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि इलॉन मस्क यांनी तिला प्रतिसाद दिला. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअॅग्री-एआय धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले.

हे काम मला मोलाचे वाटते. पाटाने भरमसाट पाणी देऊन या भागाने काय गमावले ते नीरा खोऱ्याला ठाऊक आहे. कालव्याचे पाणी आल्यावर इथल्या जमिनी इतक्या खारावल्या की कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांनी १९१० मध्येच त्यावर पुस्तिका लिहिली. मातीत वाफसा आहे, आज पाणी देऊ नका, असे सांगणारे साधन शंभर वर्षांपूर्वी हवे होते. म्हणूनच त्याची परीक्षा कसून व्हायला हवी.

पाणी निम्मे लागले, ते कशापेक्षा? पाटपाण्यापेक्षा असेल तर ती बचत ठिबकचीच असू शकते. ठिबकने उसाचे निम्म्याच्या आसपास पाणी वाचते, हे कृषी विद्यापीठे कितीतरी वर्षे सांगत आली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाटा कळायचा तर ठिबकच्या प्लॉटशेजारी ठिबक अधिक सल्ला असा प्लॉट हवा. टनेजचेही तसेच. बेणे जाऊन एक डोळ्याचे रोप आले, सरीचे अंतर वाढले, खत माती तपासून दिले, तर वाढीचे श्रेय कुणाकुणात वाटायचे? शिवाय आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा असतो, सुरू १२ महिने आणि खोडवा वेगळाच. एकाचे टनेज दुसऱ्याशी ताडले की उत्तर हवे तसे काढता येते.

सर्वांत फसवी तुलना मागच्या वर्षाशी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. मे २०२५ मध्ये मॉन्सून यायच्या आतच याच दोन तालुक्यांना पावसाने असे झोडपले की बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. त्या आठवड्यात फवारणीचे विमान उडाले असते तर सारा पाऊस त्याच्या नावावर जमा झाला असता. दुष्काळी सालाच्या उसाशी नंतरच्या सालाचा ऊस ताडला तर कुठलेही यंत्र, औषध किंवा नवस यशस्वी ठरेल.

आणि पहिल्यांदा नाव नोंदवणारे शेतकरी कोण असतात? ज्यांच्याकडे ठिबक आहे, विहिरीला पाणी आहे, हातात चार पैसे आहेत आणि रोज मोबाइल बघायची सवड आहे, ते. त्यांचा ऊस आधीपासूनच शेजाऱ्यापेक्षा उजवा असतो. वरकुट्याचा कोरडवाहू शेतकरी त्या यादीत शेवटी येतो, आणि योजनेचा आकडा मात्र त्यालाही लागू करून सांगितला जातो.

खरी तुलना इथे महाग नाही. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, या प्रत्येक कारखान्याकडे सभासदांच्या उसाची नोंद असते: लागण कधीची, जात कोणती, वजनकाट्यावर टन किती. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील तर निवड ग्रामसभेत चिठ्ठ्या काढून करावी. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांचे टनेज आणि पाणीही त्याच वहीत लिहावे. तीन गळीत हंगामांनंतर दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापावेत, आकडे चांगले येवोत की वाईट. ५०० कोटींच्या तुलनेत या नोंदींचा खर्च अगदी किरकोळ आहे.

बारामती-इंदापूरच्या वाचकांना माझी विनंती आहे. यंदा कारखान्याच्या सभेत किंवा मेळाव्यात मंचावरून टक्क्यांचा आकडा आला की उभे राहा, आणि निवड न झालेल्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या कुठे आहेत, ते विचारा.