अकरा वाजताची दिशा

पित्तनलिकेतला खडा काढण्यापेक्षा त्या नलिकेच्या तोंडात शिरणं कितीतरी अवघड असतं. जठरापलीकडच्या आतड्याच्या भिंतीवर हरभऱ्याएवढा उंचवटा असतो. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस, दोन्ही तिथूनच आतड्यात उतरतात. ईआरसीपीची, म्हणजे तोंडावाटे आतड्यात जाऊन पित्तनलिकेवर उपचार करण्याच्या पद्धतीची, दुर्बीण समोर न बघता बाजूला बघते, म्हणून तो उंचवटा नीट दिसतो. त्यातून मिलिमीटरहून बारीक तार आत घालायची. घड्याळातल्या अकराच्या दिशेने वर वळली तर ती पित्तनलिकेत जाते, सरळ घुसली तर स्वादुपिंडात. क्ष-किरणांच्या पडद्यावर तार यकृताकडे चढताना दिसली की लीड अ‍ॅप्रनचं ओझंही जाणवेनासं होतं.

शिकाऊ डॉक्टरांना मी ताकदीबद्दल नाही, स्पर्शाबद्दल सांगतो. दर टोचणीला ते तोंड सुजतं, स्वादुपिंडाचा रस अडतो आणि खड्यासाठी आलेला माणूस स्वादुपिंडाच्या दाहाने तळमळतो. या कामातली ही सर्वाधिक आढळणारी गंभीर गुंतागुंत. कधी थांबायचं हे हाताला कळायला वर्षं लागतात.

१९७४ साली जपानमध्ये क्योटोला आणि जर्मनीत एर्लांगनला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुर्बिणीतून हे तोंड कापून रुंद केलं गेलं. त्याआधी पोट उघडावं लागे, नलिका चिरावी लागे आणि पुढे कित्येक दिवस पोटातून निघालेली रबरी नळी नि पित्ताची पिशवी सांभाळत रुग्ण पडून असे. आता तोंड रुंद केलं की फुगा किंवा तारेची टोपली खड्याला खाली ओढते. खडा आतड्यात पडतो आणि शौचावाटे निघून जातो. नातेवाईक मात्र विचारतातच, "डॉक्टर, खडा दाखवा ना!"

कावीळ उतरवणाऱ्याकडे आठवडे घालवून, थंडी वाजून ताप भरल्यावर आणलेला रुग्ण असेल, तर तार आत जाताच पित्ताऐवजी पू येतो. अशा वेळी खड्याच्या मागे लागू नये. प्लास्टिकचा स्टेंट बसवावा, पू वाहू द्यावा, बाहेर पडावं. खडा तसाच राहिला तरी माझ्या लेखी ते काम पूर्ण असतं, कारण त्या दिवशी जीव घेणार असतो तो तुंबलेला पू.

पण बरं वाटू लागलेला माणूस परत येत नाही, आणि काही महिन्यांत स्टेंटही गाळाने बुजतो. म्हणून तो काढायची तारीख मी डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहितो आणि घरातल्या कुणाकडून तरी ती मोठ्याने वाचून घेतो.