तिसऱ्या बोटाचं पेर

डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं, म्हणजे अनामिकेचं, शेवटचं पेर आता माझं ऐकत नाही. मागच्या पावसाळ्यापासून ते सकाळी ताठ असतं, दुपारी थोडं सैलावतं आणि रात्री पुन्हा आखडतं. डॉक्टरांनी सांध्याचं नाव घेतलं, वयाचं घेतलं, शेकायला सांगितलं. स्वर लावायला त्या बोटाची अजून तक्रार नाही. पंचम पंचमावरच पडतो. पण पडलेल्या स्वरात जीव ओतणारा जो कंप, ज्याला आम्ही व्हायोलिन वाजवणारे व्हायब्रॅटोच म्हणतो, तो या बोटावर यायचा थांबला आहे. चारही बोटांत हेच मला सगळ्यांत उशिरा वश झालं होतं, म्हणून त्याचं जाणं अधिक लागलं.

कंप मनगटातून काढायचा की कोपरापासून, हा वाद मला घालायचा नाही. मेट्रोनोमच्या ठोक्याला दोन, तीन, चार मोजायचे धडे सगळ्यांनीच गिरवलेले असतात. मला बोलायचं आहे ते पेराबद्दल. हात कितीही डौलात हलला तरी ते हलणं तारेपर्यंत पोचतं ते नखाजवळच्या त्या एका सांध्यातून. तो ताठ राहिला की अख्खं बोट हातासोबत मागेपुढे होतं आणि ऐकणाऱ्याला धक्के ऐकू येतात. तो फार ढिला असला तर बोट घरंगळतं आणि स्वर उतरतो. तार धरून ठेवायची आणि त्याच क्षणी सैलही राहायचं, हे दोन्ही एकाच पेराने करायचं असतं. दुसऱ्या बोटाला ते सगळ्यांत आधी जमतं, मग पहिल्याला. चौथं अशक्त, पण ते निदान आपला अशक्तपणा लपवत नाही. त्याच्यावर मेहनत घ्यायची हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तिसरं फसवतं. दिसायला ते लांब आणि दणकट, पण त्याच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी बांधलेल्या असतात. त्याला एकट्याला काही करायला सांगितलं की मधलं बोट ताठरतं, करंगळी वर उडते आणि सगळ्यांचा ताण अंगठ्याकडे जातो. अंगठा व्हायोलिनची मान आवळतो. अंगठा आवळला की कंप मेलाच.

मी शिकलो मांडी घालून. व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं, बूड छातीशी आणि बोटांना खोबरेल तेलाचा हात. आमचे गुरुजी गायकी अंगाचे. पं. गजाननराव जोशी आणि पं. डी. के. दातार हे त्यांचे आदर्श, पं. व्ही. जी. जोग ऐकताना मात्र ते डोळे मिटायचे आणि काही बोलायचे नाहीत. व्हायब्रॅटो त्यांच्याकडे वर्ज्य होता. मींड घे, गमक घे, आंदोलन घे, पण उगाच थरथरू नकोस, हा त्यांचा दंडक. दरबारीच्या कोमल गंधाराचं आंदोलन त्यांनी मला महिनोन्महिने घासायला लावलं. तो गंधार संथ झुलतो, आपल्या श्रुतीला स्पर्श करून ऋषभाकडे झुकतो. तिथे सेकंदाला सहा-सात वेळा हलणारा व्हायब्रॅटो घातला तर दरबारी उरत नाही. भैरवाच्या ऋषभ-धैवताचंही तेच. या बाबतीत मी आजही गुरुजींच्या बाजूला उभा आहे. आंदोलन रागाचं असतं, कंप वाजवणाऱ्याचा असतो. रागाच्या जागेवर स्वतःचा कंप घालण्याचा हक्क कोणालाही नाही.

पण पोट रागावर भरत नव्हतं. ऐंशीच्या दशकात कर्जतहून पहाटेची लोकल धरून, पेटी मांडीवर घेऊन मी मुंबईला रेकॉर्डिंगसाठी जाऊ लागलो. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसत. त्या रांगांमध्ये गोव्याची माणसं बहुसंख्य होती. चर्चच्या संगीतशाळांत शिकलेली, स्वरलिपी नजरेने वाचणारी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव त्या रांगांत आदराने घेतलं जाई. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे ते नाव देशभर पोचलं, पण ते नाव घेणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं की तो माणूस व्हायोलिन वाजवतो? त्या रांगेत बसायचं तर हनुवटीखाली व्हायोलिन आणि चारही बोटांवर सारखा व्हायब्रॅटो, याला पर्याय नव्हता. वीस माणसांतला एकच कोरडा स्वर माइकला बरोबर सापडतो.

माहीमच्या एका वयस्क ख्रिस्ती वादकाकडे मी शिकायला जाऊ लागलो. माझा हात पाहून ते म्हणाले, तुझं बोट पडायला घाबरतं. मला राग आला होता. मांडी घालून बसलं की बोट तारेवर थोडं आडवं, गादीवर पडतं. हनुवटीखाली धरलं की ते अधिक उभं, टोकाकडे येतं. पेराला वाकायची सवयच नव्हती. पहिल्या दोन बोटांवर कंप काही महिन्यांत आला, चौथ्यावर वर्षभराने. तिसऱ्यावर आला तो इतक्या उशिरा की तोवर मी सगळ्या स्वरलिपींत चोरवाटा शोधून ठेवल्या होत्या. लांब स्वर तिसऱ्यावर येणार असं दिसलं की मी पोझिशन बदलून दुसरं बोट तिथे नेत असे. शेजारच्या वादकाच्या ते ध्यानात येई, तो बोलत नसे.

आणि एकदा आला तेव्हा मी तो मिरवला. त्या रांगेचा नियम असा की कोणीही वेगळा ऐकू येता कामा नये. मला वेगळं ऐकू यायचं होतं. मी कंप जरा रुंद ठेवी आणि बो किंचित जास्त दाबी, गाणं रेडिओवर लागलं तर घरच्यांना म्हणता यावं की हा मी. गणेशोत्सवात कर्जतच्या मंडपात भावगीतं वाजवली की लोक म्हणत, व्हायोलिन गातंय. प्रभाकर जोगांच्या ‘गाणारं व्हायोलिन’मुळे हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या तोंडी बसलेला. मला ते वाक्य हवंहवंसं वाटायचं, कोणी म्हटलं नाही तर रात्री झोप लागायची नाही. प्रभाकर जोग खरोखर गात होते, त्यांच्या बोमध्ये गाण्याचे शब्द होते. ‘गीतरामायणा’त सुधीर फडक्यांच्या आवाजाला त्यांनी दिलेली साथ ऐकावी. माझ्याकडे शब्द कमी आणि थरथर जास्त होती. पण कौतुक दोघांचं एकाच वाक्यात होई, आणि मी ते घेत असे.

या कंपाचं वेड जुनं आहे. १७५६ मध्ये लिओपोल्ड मोझार्टने व्हायोलिनवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कायमचा ताप भरल्यासारखे प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्या वादकांवर त्याने कोरडे ओढले आहेत. त्याच्या आधी पाचच वर्षं व्हायोलिनवादक जेमिनियानी सांगून गेला होता की हा कंप जितका वापरता येईल तितका वापरावा. म्हणजे भांडण तेव्हाही हेच होतं. व्हायोलिनवादक योआखिमची १९०३ ची ध्वनिमुद्रणं ऐकली तर त्यात कंप फार थोडा, दागिन्यासारखा जागच्या जागी घातलेला आढळतो; मग क्राइस्लर आला, प्रत्येक स्वरावर अखंड कंप ठेवू लागला आणि जगाला तीच सवय लागली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोरने १९३० च्या सुमारास हा कंप मोजला. सेकंदाला साधारण ६ ते ७ हेलकावे, आणि व्हायोलिनवाल्यांचा पल्ला गायकांच्या जवळपास निम्मा. हे आकडे वाचले तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण गाणारं व्हायोलिन गळ्याची नक्कल करताना गळ्याइतकं थरथरत नाही. थोडक्यात भागवतं.

आता कर्जतच्या पावसाबद्दल. जून ते सप्टेंबर इथे व्हायोलिन सांभाळणं हाच अर्धा रियाज असतो. खुंट्या फुगून अडकतात, बोचे केस सैल पडतात, जोडाचा सरस कुठे सुटला नाही ना म्हणून रोज पोटावर टिचकी मारून पाहावं लागतं. आणि बोट चिकटतं. दमट बोट तारेवर लोळत नाही, ओढलं जातं, म्हणून कंप तुटक होतो. पेर धड असताना मी पावडर लावून भागवत असे. मागच्या पावसाळ्यात पेर आणि पाऊस दोघंही एकाच वेळी उलटले. विदुषी एन. राजम यांची जुनी ध्वनिमुद्रणं लावून मी खिडकीशी बसे आणि वाद्य पेटीतच राही.

त्याच दिवसांत खोपोलीकडची एक मुलगी शिकायला येऊ लागली. वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. रविवारी सकाळच्या लोकलने ती येते. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी आणि मग कर्जत. तिला स्वर पक्का होता, कारण घरी सप्ताह, काकडा, रात्र रात्र भजनं. मला तिच्या तिसऱ्या बोटावर कंप शिकवायचा होता आणि वाजवून दाखवता येत नव्हतं. इतकी वर्षं दाखवूनच शिकवलं, शब्दांची गरज पडली नव्हती. मग मी तिला बोशिवाय बसवलं. तारेवर बोट ठेव, पण दाबू नकोस. अंगठा मानेवरून काढून टाक. आता नुसतं पेर मागे झुकव, पुन्हा आण. पाळण्यासारखं, सावकाश. आवाज नाही, घाई नाही.

काही आठवड्यांनी तिने बो उचलला आणि मी ऐकत राहिलो. ती स्वर लावत होती आणि त्याला काही न करता उभा ठेवत होती. चांगला दोन मात्रा. मग शेवटाकडे जाताना बोट आपोआप झुलू लागलं. भजनी बुवा अभंगाची ओळ जशी सोडतात, तसं. मला असूया वाटली, हे लिहायला मला संकोच नाही. माझा कंप स्वराबरोबरच सुरू व्हायचा. रेकॉर्डिंगला तसाच लागे, स्वर सुरू होताना क्षणभरही कोरडेपणा चालत नसे. हलतच पडायचं, हलतच उठायचं. म्हणून पेर आधीपासून आवळलेलं असायचं. तिचं बोट आधी विसावतं, आपण पडत नाही याची त्याला खात्री पटते आणि मग ते सैल होतं. माहीमचे सर ‘घाबरतं’ म्हणाले होते ते याच अर्थाने असावं. आता मीही थांबून पाहतो. तिसऱ्या बोटावर स्वर लावतो आणि दोन मात्रा काही करत नाही. काही सकाळी, ऊन असेल तर, पेर मग थोडं झुकतं. कंप बारीक येतो, पूर्वीच्या अर्ध्याहून कमी. पण येतो.

आमच्या भागात आता फार्महाउस आणि रिसॉर्टच्या लग्नांत व्हायोलिन पुष्कळ ऐकू येतं. इलेक्ट्रिक व्हायोलिन, मागे तयार ट्रॅक, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाची थरथर. ती मुलं मेहनती आहेत, त्यांच्या पोटावर मी बोलणार नाही. पण त्यांचा कान कीबोर्डच्या स्ट्रिंग्जवर तयार झाला आहे. त्या आवाजात व्हायब्रॅटो आधीच भरून ठेवलेला असतो. की दाबली की षड्जही तितकाच हलतो आणि निषादही तितकाच. नव्वदीत याच आवाजाने ताडदेवच्या रांगा रिकाम्या केल्या. काम गेल्याचं दुःख मी पचवलं. मोठं नुकसान हे की एका पिढीला हलत नसलेला तारेचा स्वर कसा असतो ते ठाऊकच नाही. तो ऐकला की त्यांना वाटतं, वाजवणारा कच्चा आहे. पंधरा दिवसांत व्हायब्रॅटो शिकवणारे वर्गही निघाले आहेत. पंधरा दिवसांत हात हलायला शिकतो, पेराला तेवढ्यात काही कळत नाही.

म्हणून कर्जत, खोपोली, चौक, नेरळ या पट्ट्यात जे आपल्या मुलांना व्हायोलिनला घालतात, त्यांना माझी एक विनंती आहे. पहिली दोन वर्षं घरात कोरडा स्वर ऐकायची तयारी ठेवा. पोरगं तानपुऱ्यासमोर नुसता सा धरून बसलं तर त्याला अजून गाणं का येत नाही असं विचारू नका, आणि पाहुण्यांसमोर थरथर काढून दाखवायला सांगू नका. तिसऱ्या बोटावर ती सगळ्यांत शेवटी येते, तोवर शिक्षक बदलू नका.