घरघर

वळवाच्या पहिल्याच गडगडाटात रिसीव्हरचा एफईटी ट्रान्झिस्टर गेला. पुण्याच्या तपकीर गल्लीत बीएफ 245 मागितला, तर दुकानदार म्हणाला, "काका, तो कधीच बंद झाला. दुसरा घ्या." घेतला. डाग द्यायला बसलो आणि राळेच्या वासासरशी आमच्या जुन्नरच्या गच्चीवरची लोडशेडिंगची ती रात्र आठवली.

मीटरभर तार, एक एफईटी, गेटला 10 मेगाओहम, नऊ व्होल्टची बॅटरी. एवढ्यावर 3 ते 30 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आकाशातली वीज ऐकू येते. सुरुवातीला 792 किलोहर्ट्झवरचं पुणे आकाशवाणी बातम्यांसकट आत घुसायचं. गेटच्या वाटेत 100 किलोओहम आणि तिथून अर्थला 22 पिकोफॅरड टाकल्यावर ते हटलं. विजेच्या तारांची घरघर मात्र हटेना. 50 हर्ट्झ आणि तिची पिल्लावळ, 100, 150, 200...

त्या रात्री फीडर गेला आणि कान एकदम मोकळे झाले. नुसती तडतड, मध्येच एक 'ट्यूंव'. कुठेतरी हजारभर किलोमीटरवर कोसळलेल्या विजेचा स्पंद जमीन आणि आयनांबर यांच्यामध्ये आपटत येतो, 1.7 किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग मागे रेंगाळतो, त्याची ती शेपटी. ती रात्रीच ऐकू येते.

मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर, तिच्या विजेचा मोजणीत व्यत्यय नको म्हणून, कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली. विजेची ट्राम आली 1907 मध्ये. याला म्हणतात सर्किट सुधारणं! मला गाशा गुंडाळणं जमत नाही, म्हणून शेजारपाजारच्या स्वस्त एलईडींवर आणि चार्जरांवर दातओठ खातो. लोडशेडिंग संपल्याचं मला वाईट वाटलं होतं, हे घरात बोलायची सोय नाही.

नवा एफईटी घालून परवा रात्री ऐकत बसलो. दोन-चार शेपट्या मिळाल्या, तोच घरघर अशी चढली की बाकी सगळं बुडालं. शेतीची थ्री-फेज आली होती. हेडफोन काढला तर खाली मोटारी सुरू झालेल्या, आणि उसाला पाणी द्यायला निघालेली पोरं. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने गाणी. बिबट्याला माणूस आल्याचं कळावं म्हणून.

दिवसा वीज द्या, ही त्यांची मागणी किती वर्षांची आहे. आता मीही त्यांच्या अर्जावर सही करणार आहे. ती मान्य झाली, तर हातात सोल्डरिंग आयर्न न घेताही माझा रिसीव्हर सुधारेल.