नेट कुठं तुटलंय, ते आधी शोधा

वारणानगरला इंटरनेट काही काल-परवा आलेलं नाही. १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली. देशभर त्याचं कौतुक झालं. पण ही केंद्रं प्रामुख्यानं ऊस उत्पादकांच्या कामाची होती: उसाचं वजन, खताची उचल, बिलाची चौकशी. मग ज्याच्या नावावर गुंठाभर ऊस नाही, त्या भूमिहीनानं तिथं जाऊन बघायचं काय? गाव जोडलं गेलं, वस्ती राहून गेली.

आज आम्ही विहारातल्या अभ्यासिकेत जुने संगणक चालवतो. त्यावर लिनक्स आहे, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. ऐन मुदतीच्या दिवसांत नेट बंद पडलं. तक्रार केल्यावर आलेला माणूस म्हणाला, “तुमच्या त्या लिनक्सचाच घोळ आहे. विंडोज टाका.”

आमच्या मुलींनी त्याचं म्हणणं तपासून बघितलं. क्रम असा:

१. वायफाय सुरू आहे का? टर्मिनलवर ‘आरएफकिल लिस्ट’ दिल्यावर ते अडवलेलं असेल तर कळतं.
२. ‘आयपी ए’ दिल्यावर संगणकाला पत्ता मिळालेला दिसतो का? नसेल तर राउटरपर्यंतच अडचण आहे.
३. ‘आयपी रूट’मध्ये ‘डिफॉल्ट’च्या ओळीत राउटरचा पत्ता असतो. त्याला पिंग करा. उत्तर आलं तर घरातली जोडणी ठीक.
४. मग ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं तर बाहेरची लाईनही ठीक.
५. आकड्याला उत्तर येतं, पण नावानं साईट उघडत नाही? मग दोष डीएनएसचा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून बघा.

आमचं चौथ्या पायरीवर अडलं होतं. त्याच वायफायवर मोबाईललाही नेट नव्हतं. म्हणजे लिनक्सचा संबंधच नव्हता. मुलींनी त्या माणसाला हे दाखवल्यावर तो खांबावर चढला. जोड सैल होता. अर्ज मुदतीत गेले.

ही गोष्ट फक्त संगणकाची नाही. पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसतं, पण पान उघडत नाही, हा अनुभव आपल्या समाजाला जुना आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, तेव्हा अडथळा कायद्यात नसून काठावरच्या माणसांच्या मनात आहे हे जगाला दिसलं.

आपली मुलं मागं पडली की “यांच्यातच दम नाही” म्हणणारे आजही भेटतात. “तुमच्या लिनक्समुळंच” म्हणणारा त्याच माळेतला मणी. अशा वेळी चिडून उपयोग नाही, मान खाली घालून तर अजिबात नाही. एकेक दुवा तपासायचा आणि तुटलेल्या दुव्यावर बोट ठेवायचं. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तर तथागतांची शिकवण.

प्रत्येक अभ्यासिकेत या पाच पायऱ्या भिंतीवर लावा. आणि टर्मिनल मुलींच्या हातात द्या.

जय भीम!