आजीचं नाव आणि एक सही

गेल्या दिवाळीत नातू हिंजवडीहून घरी आला, तो चकलीला हात लावायच्या आधीच म्हणाला, "आजी, तुझा जन्मदाखला आहे का गं?" म्हटलं, शाळा सोडल्याचा दाखला आहे, सेवापुस्तक आहे, आधार कार्ड आहे. जन्मदाखला कसला मागतोस? आमच्या वेळी माणूस समोर उभा आहे म्हणजे जन्मला असणार, असंच धरत असत.

त्याच्या कचेरीतल्या एका गोव्याच्या मुलाने त्याला सांगितलं होतं की, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी ज्याचा जन्म गोव्यात, दमणमध्ये किंवा दीवमध्ये झाला, त्याला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक समजतो. आधी त्या माणसाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग त्याचं लग्न, मग मुलाचा जन्म, मग नातवाचा. एकेक पायरी चढत गेलं की नातवाच्या हाती पोर्तुगालचा पासपोर्ट येतो आणि त्यावर युरोपातल्या सत्तावीस देशांत राहता येतं, नोकरी करता येते. आणि आमच्या घरात १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेलं माणूस एकच, ते म्हणजे मी. माझं माहेर डिचोलीकडचं. पन्नास वर्षांहून जास्त काळ माल्यात राहून माझं गोवेंकरपण सोलकढीपुरतं उरलं होतं. ते असं अचानक कामाचं ठरलं.

मलाही उत्साह आला, खोटं कशाला बोलू? मी लगेच डिचोलीला धाकट्या भावाला फोन केला. पोर्तुगीजांनी १९१४ पासून गोव्यात जन्म-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद सुरू केली होती आणि त्यात हिंदूंचीही नोंद व्हायची. तालुक्याच्या ठिकाणी ती जाडजूड पुस्तकं असतात, खूप जुनी असतील तर पणजीच्या पुराभिलेखागारात. भावाने तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन खेपांना काही सापडलं नाही, कारण आम्ही शोधत होतो १९५० साल आणि माझं माहेरचं नाव, आपण लिहितो तसं. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या लेखनिकाने विचारलं, "नाव पोर्तुगीजांनी कसं लिहिलं असेल त्याचा विचार केलात का?" इंग्रजीत 'श'साठी 'एसएच' लिहितात, पोर्तुगीज तिथे 'एक्स' लिहीत. प्रभूचं 'पोरोबो' होई, कामतचं 'कामोतिम'. तसं शोधल्यावर आणि एक साल मागे गेल्यावर मी सापडले. भावाचा फोन आला, "ताई, मेळ्ळें गो!"

त्याने पाठवलेली पानाची छायाप्रत मी भिंग घेऊन वाचायला बसले. पोर्तुगीज मला येत नाही, पण तारीख कळली. १८ नोव्हेंबर १९४९.

माझी नोकरीतली जन्मतारीख १ जून १९५०. शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली. यावर मला हसायचा अधिकार नाही. कारण पुढे मी स्वतः मुळशीच्या डोंगरातल्या शाळांमध्ये किती पोरांच्या नावापुढे १ जून लिहिलं त्याला मोजदाद नाही. आई सांगायची, "भात लावणी चालली होती तेव्हा झाला," की लिहा १ जून. वय सहा भरलं पाहिजे, शाळा जूनला सुरू होते, हिशेब सोपा. आमच्या तालुक्यात १ जूनला जितके वाढदिवस असतात तितके वर्षभरात मिळून नसतील! आता त्यातली काही पोरं साठीला आली. त्यांच्यातल्या कोणाचा नातू उद्या असाच कागद शोधायला निघाला, तर माझं अक्षर त्याच्या आड येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी ३१ मे २००८ ला निवृत्त झाले. खऱ्या तारखेप्रमाणे ३० नोव्हेंबर २००७ लाच व्हायला हवी होते. म्हणजे सहा महिने पगार जास्तीचा घेतला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग आता जाऊन परत करून ये."

पण त्या पानात याहून मोठी गोष्ट होती. भावाने एका जाणत्या माणसाकडून मजकूर उलगडून घेतला. पोर्तुगीजांच्या जन्मनोंदीत मुलाच्या आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांचीही नावं असतात. माझ्या आईच्या आईचं नाव मला आजवर माहीत नव्हतं. ती माझ्या जन्माआधीच गेली. आई तिच्याबद्दल बोलताना फक्त "माझी आई" म्हणे आणि मामा "आवय" म्हणत. आजोबांचं नाव श्राद्धाला उच्चारलं जाई, आजीचं कधी कानावर पडल्याचं मला आठवत नाही. ते नाव त्या पानावर होतं, वेड्यावाकड्या पोर्तुगीज स्पेलिंगात. खाली माझ्या वडिलांची सही, देवनागरीत. मी ते पान हातात धरून बराच वेळ बसले होते. नाव इथे लिहीत नाही, घरातल्यांना फोन करून सांगितलं आहे.

मग पुढचे कागद. जन्मनोंदीत माझं एक नाव, शाळेच्या दाखल्यावर त्याचंच मराठी रूप, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं तिसरंच नाव, जे सेवापुस्तकात आणि आधारवर आहे. या तिघी एकच बाई आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र. आमचं लग्न १९७३ चं, नोंदणीचा दाखला तेव्हा आमच्याकडे कोण काढत होतं? आता नोंदवायचं तर साक्षीदार हवेत. लग्नाचा एकमेव फोटो काढून पाहिला, त्यातले निम्मे लोक फोटोतच उरले आहेत. हे म्हणाले, "पन्नास वर्षांनी आता कळलं, आपलं लग्न झाल्याचा पुरावाच नाही."

कागद जपायची सवय खरं तर आमच्या सासरच्या घराला आहे. मुळशीच्या धरणात आमच्या आजेसासऱ्यांची भातखाचरं गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, इथे सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरी धरण झालंच. त्या जमिनीचे मोडीतले कागद सासऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत शेवटपर्यंत जपले. जमीन पाण्याखाली, कागद माळ्यावर. मी नवी सून असताना विचारलं होतं, याचा आता उपयोग काय? ते म्हणाले होते, "उपयोग नाही. पण आपलं होतं, एवढं तरी कळेल."

सगळं जमत आलं तेव्हा नातवाने अर्ज पुढे ठेवला. माझी सही हवी होती. सल्लागाराने त्याला सांगितलं होतं की, ही नुसती जन्माची नोंद आहे, आजींनी पासपोर्ट घ्यायचाच नाही, मग प्रश्न येतो कुठे? पण मास्तरकी केलेल्या माणसाला न वाचता सही करता येत नाही. वाचत गेले. आपल्या घटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो की, स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. नुसती नोंद म्हणजे नागरिकत्व घेणं होतं की नाही, यावर गोव्यात बरीच वर्षं वाद झाला आहे. पण मला वकिली मुद्दा नको होता. माझ्यापुरता प्रश्न सरळ होता. नातवाला हक्क मिळायचा तर मी पोर्तुगीज आहे असं माझ्या सहीने कुठेतरी लिहिलं जायला हवं.

वाचताना आणखी एक कागद सापडला. १९६२ चा गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणी तिथे जन्मलं, तो भारताचा नागरिक झाला असं त्यात म्हटलं आहे. ज्याला नको असेल त्याने एका महिन्यात तसं लिहून द्यायचं. म्हणजे आजीआजोबांच्या नावाने नागरिकत्व देणारा पोर्तुगालच पहिला नव्हे! पोर्तुगालने तर गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. डिसेंबरातल्या त्या रात्री वडील रेडिओला कान लावून बसले होते आणि आईने आम्हाला खिडकीशी जाऊ दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी वडिलांनी काही लिहून दिलं नाही, आणि आम्ही भारतीय झालो. मला कोणी विचारलं नव्हतं, विचारण्याचं वयही नव्हतं. आता शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यापुढे कागद ठेवून विचारत होतं, तू कुठली?

मी सही केली नाही.

नातू म्हणाला, "आजी, फक्त कागद आहे गं." म्हटलं, बाळा, तसं असतं तर तुला तो लागला नसता. तो काही बोलला नाही. महिनाभर त्याचे फोन तुटक होते. सूनबाईने विचारलं, "आई, त्याचं भलं होत होतं ना?" होत असेल. आमच्या माहेरच्या वाड्यावरची कितीतरी मुलं याच वाटेने इंग्लंडला गेली, स्विंडनमध्ये राहून त्यांनी इथली घरं उभी केली. ब्रेक्झिटनंतर ती वाट बंद झाली, आता युरोपात जातात. त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या आज्यांनी सही केली, त्यांचंही काही कारण असेल. मला जमलं नाही एवढंच. नातवाचं नुकसान माझ्या हातून झालं हे मला दिसतं, आणि रात्री ते आठवतंही.

आता तो नोकरीतर्फे जर्मनीचा व्हिसा मिळतो का ते बघतो आहे. परवा आला तेव्हा त्याने ती छायाप्रत मागितली. मला वाटलं, पुन्हा अर्जाचं काढतो की काय. तर म्हणाला, "पणजीच्या आईचं नाव नीट वाचून दाखव." मी वाचलं, त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग आम्ही दोघांनी ते पान सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

असो. नातेवाइकांनो, तुमच्या घरीही असा एखादा दाखला असेल तर तो काढा आणि त्यातली आज्यांची नावं एका वहीत उतरवून ठेवा. आणि हो, यंदापासून माझा वाढदिवस १८ नोव्हेंबरला. १ जूनला कोणी फोन करू नये.