तुझी चार कुळं कोणती?

त्या मुलीनं मला विचारलेला पहिला प्रश्न हा होता. नाव नाही, धर्म नाही, देश नाही. डोक्यावरच्या ओढणीबद्दलही नाही, आणि अमेरिकेत माझ्या वाट्याला पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच येतो.

गोष्ट २०१९ ची, रमजानच्या शेवटच्या आठवड्यातली. माझी धाकटी बहीण तेव्हा अ‍ॅरिझोनात, नावाहो आदिवासींच्या मुलखात, चिनली गावाजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिच्या वर्गातली एक मुलगी वयात आली होती आणि घरच्यांनी किनाल्दा मांडला होता. हा चार दिवसांचा विधी. शेवटच्या रात्री बहिणीला बोलावणं होतं. मोठी बहीण येतेय म्हटल्यावर मुलीची आजी म्हणाली, तिलाही घेऊन ये.

मी फिनिक्सहून निघाले. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नावाहो करतात. त्यांच्या हद्दीत शिरलं की मोबाइल एक तास पुढे उडी मारतो. मध्ये होपी लोकांचा मुलूख लागला की मागे येतो, आणि तो संपला की पुन्हा पुढे. रोजा कधी सोडायचा, हे शेवटी मी आभाळाकडे बघून ठरवलं.

हा मुलूख केवढा? साधारण सत्तर हजार चौरस किलोमीटर, आपल्या केरळपेक्षा कितीतरी मोठा, तीन राज्यांत पसरलेला. हे लोक स्वतःला दिने म्हणतात, म्हणजे 'लोक'. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्यांना घरांतून हुसकून शेकडो मैल पायी चालवत नेलं. चार वर्षं छावणीत काढल्यावर, १८६८ च्या तहानं, ते आपल्या डोंगरांत परतले. आजही सुमारे तीस टक्के घरांत नळ नाही. ह्या मुलीच्या घरीही पाणी पिकअपवरच्या टाकीतून यायचं.

तर चार कुळं. दिने माणूस ओळख सांगतो ती अशी: आधी आईचं कूळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, शेवटी वडिलांच्या वडिलांचं. मूल आईच्या कुळाचं. ही 'कडू पाण्या'ची, वडील 'चिखला'चे. तिनं चारही कुळं घडाघडा म्हणून दाखवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी सुरुवात केली. आई मिरजेची. मग आईची आई, नानी. आणि नानीची आई? तिचं माहेर कुठलं, नाव काय, मला ठाऊक नव्हतं. "आजीला विचारा ना," ती सहज म्हणाली. नानी जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

कुळांचा त्रास काय होतो, तेही तिनं सांगितलं. शाळेतला एक मुलगा तिला आवडायला लागला होता. मैत्रिणीनं त्याची कुळं काढली तर तोही कडू पाण्याचा, म्हणजे भाऊ! कुळात लग्न तर सोडाच, आवडणंही बंद. मी म्हटलं, आमच्यात मावस-चुलत भावंडांचीसुद्धा लग्नं होतात. तिनं असं तोंड केलं की माझी बहीण हसून हसून बेजार.

'दोन जगांत जगताना' ह्या विषयावर तिनं शाळेत आतापर्यंत तीन निबंध लिहिले होते. बाहेरून नवीन शिक्षक आला की हाच विषय देतो. (माझ्या बहिणीनं गणितच शिकवावं, हे मला तेव्हा नीट पटलं.) मुलगी म्हणाली, "मला एकच जग दिसतं. त्यात आजी आहे आणि वाय-फाय नाही." मला आमच्याकडचा तो प्रश्न आठवला, 'तुम्ही इतकं छान मराठी कसं बोलता?' विचारणारा प्रेमानंच विचारतो. पण त्याच्या मनात आधीच दोन खोल्या बांधलेल्या असतात, आणि आपण ह्या खोलीत कसे, याचं त्याला नवल वाटत असतं.

चार दिवसांचं म्हणाल तर तिची फारशी ओढाताण होत नव्हती. रोज पूर्वेकडे धावायचं, दरवेळी आधीपेक्षा लांब. बाकीच्यांनी मागून धावायचं, तिच्या पुढे जायचं नाही. जो जाईल तो लवकर म्हातारा होतो. तिचा मामेभाऊ मागून मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर मोजत होता. सुट्टीतलं बास्केटबॉलचं शिबिर बुडत होतं, पण तिच्या कोचनं म्हणे निरोप पाठवला होता, "धाव, इथल्यापेक्षा जास्त व्यायाम होईल." मीठ आणि गोड बंद. मका दगडावर दळायचा. निम्मा मका विजेच्या चक्कीवर दळून आणला होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. आजी तिच्याशी दिने भाषेत बोलायची. मुलीला निम्मं कळायचं आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पाठ केलेली कुळं सोडली तर सलग दोन वाक्यं तिला बोलता येत नव्हती. गायक म्हणेल तशी प्रार्थना मागून म्हणताना अडखळायला होतं, याची तिला लाज वाटत होती.

हा दोष मोबाइलचा नाही. आजीला लहानपणी सरकारी निवासी शाळेत घातलं होतं. तिथं आपली भाषा बोललं की तोंडात साबण घालत. आजीनं तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांवर ही पाळी येऊ द्यायची नाही, आणि मुलांशी ती इंग्रजीतच बोलली. आता नातीशी ती पुन्हा स्वतःच्या भाषेत बोलायला लागली होती. अशा शाळांतून मार खाल्लेल्या पोरांपैकीच काही १९४२ मध्ये अमेरिकी मरीन दलात भरती झाले आणि त्यांनी ह्याच भाषेवरून जपान्यांना न उलगडणारी गुप्त लिपी घडवली. पहिल्या तुकडीतल्या २९ जणांना सोन्याची पदकं मिळाली ती २००१ मध्ये. तोवर बरेचसे वारले होते.

माझ्या तोंडात कुणी साबण घातला नाही. अब्बांनी आम्हाला मराठी शाळेत घातलं ते आपणहून, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण नानीची उर्दू पत्रं अम्मीच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत. कुराण वाचता येतं म्हणून अक्षरं ओळखीची वाटतात. नानीचं ते तिरकं, घाईतलं हस्ताक्षर मात्र लागत नाही.

शेवटच्या रात्री होगानमध्ये, पूर्वेला दार असलेल्या त्या मातीच्या घरात, पहाटेपर्यंत गाणी चालली. त्या गाण्यांबद्दल मी लिहिणार नाही, ती सांगायची नसतात. मध्ये उठून गाडीत जाऊन सहेरी केली. बाहेर अंगणात जमिनीतल्या खड्ड्यात, मक्याच्या सालांच्या थरांमध्ये आल्कान भाजत होता. हा मक्याचा भलामोठा केक. वर माती, मातीवर रात्रभर विस्तव. उजाडताना ती शेवटचं धावून आली, आणि केक कापून सगळ्यांना वाटला. ती स्वतः खात नाही, तिनं फक्त द्यायचा. माझा रोजा होता. मी माझा तुकडा मक्याच्या सालात बांधून घेतला.

संध्याकाळी पाण्याच्या घोटानंतर तोच खाल्ला. ती शेजारी बसून होती.

"कसा लागतो?" तिनं विचारलं. चार दिवस ज्याच्यासाठी दळलं, त्याची चव तिला माहीत नव्हती. मी सांगितलं, ओलसर आहे, मधूनच मनुका लागते, कडेला धुराचा वास आहे.

ती आता अठराची आहे. सेलीला जे दिने कॉलेज आहे तिथं जाते. आदिवासींनी स्वतः चालवलेलं अमेरिकेतलं ते पहिलं कॉलेज, १९६८ चं. भाषेचा वर्ग घेतलाय आणि क्रियापदांनी जेरीला आलीय. वस्तू गोल आहे, लांब आहे की मऊ, त्याप्रमाणे 'दे' ह्या एका शब्दाचं रूप बदलतं. आजीकडे काही मागायचं तर आधी हिशेब करावा लागतो, म्हणते. आजी हसते, पण मिळेपर्यंत चुका दुरुस्त करते.

दर ईदला तिचा मेसेज येतो: सापडलं का नाव? मिरजेत एक निवृत्त उर्दू मास्तर आहेत. त्यांच्याकडे पहिली सात पत्रं दिली आहेत. तिसऱ्या पत्रात एक नाव आहे. ते बाईचं आहे की गावाचं, यावर मास्तर आणि अम्मी यांचं अजून एकमत होत नाही.